'आम आदमी' : एका पक्षनामाचा अर्थविचार

राजकीय पक्षांचा उदय आणि अस्त हा राज्यशास्त्राच्या कक्षेतील विषय होय. भाषेच्या अभ्यासकाने त्या कक्षेत पाऊल टाकावयाचे तर त्याला तसे सबळ कारण असावयास हवे. आम आदमी पक्षाच्या बाबतीत असे कारण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दिल्लीत २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात एक विधान जवळजवळ गृहीत म्हणून पुढे येते : हा विचारसरणी नसलेला पक्ष आहे, भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप एवढेच त्याचे भांडवल, तो ना डावा, ना उजवा. पक्षाच्या पुढाऱ्यांनीही हे वर्णन नाकारले नाही. उलट पुष्कळदा भूषण म्हणून मिरविले. मला हे विधान अपुरे वाटते. या पक्षाची शब्दसंपत्ती बारकाईने तपासली असता तिच्यात दोन निरनिराळे विचार प्रारंभापासून शेजारी शेजारी नांदत होते, असे दिसून येते. एकाचा मुख्य शब्द 'स्वराज', दुसऱ्याचा 'ईमानदारी'. पहिला व्यवस्थेविषयी बोलतो, दुसरा व्यक्तीविषयी. पक्ष जसजसा वाढत गेला तसतसा पहिला शब्द मागे पडला आणि दुसऱ्याने सारी जागा व्यापली. हा बदल कसा घडला, आणि त्यामुळे पक्षाने स्वतःस कोणत्या कसोटीला बांधून घेतले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. शब्दांमुळे निवडणुका जिंकल्या किंवा हरल्या जातात, असा भाबडा दावा येथे अभिप्रेत नाही.

प्रथम ज्या शब्दाविरुद्ध हा पक्ष उभा राहिला त्या शब्दाकडे वळू. 'भ्रष्टाचार' हा शब्द आज इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील रूपक आपल्याला जाणवेनासे झाले आहे. 'भ्रष्ट' म्हणजे खाली पडलेला, ढळलेला, आणि मराठीच्या जुन्या वापरात बाटलेला. धर्मभ्रष्ट, आचारभ्रष्ट, स्थानभ्रष्ट या शब्दांच्या मालिकेत तो बसतो. याउलट 'लाचलुचपत' हा शब्द पाहावा. देणारा, घेणारा आणि देवघेवीची वस्तू असे तिन्ही त्यात उपस्थित आहेत. तो व्यवहाराचा शब्द आहे. महाराष्ट्र शासनाच्या संबंधित विभागाचे नाव 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' असे आहे, 'भ्रष्टाचार प्रतिबंधक' असे नाही, हा तपशील वाटतो त्यापेक्षा अधिक बोलका आहे. व्यवहाराला प्रतिबंध करता येतो. पतनाला शुद्धीच हवी. 'भ्रष्टाचार' हा शब्द एकदा स्वीकारला की माणसांची विभागणी शुद्ध आणि अशुद्ध अशी होऊ लागते, आणि मग झाडूचे चिन्ह ओघानेच येते. २०१३ मध्ये पक्षाला मिळालेले हे चिन्ह सफाई कामगारांच्या श्रमाचे प्रतीक म्हणून सांगितले गेले आणि तसे ते होतेही. पण त्याचा प्रभाव मुख्यतः घाण झाडून टाकण्याच्या कल्पनेतून आला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे गाडगेबाबांचा खराटा आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र बाबा खराट्याने गावचा रस्ता झाडीत आणि कीर्तनात श्रोत्यांचीच झाडाझडती घेत. घाण नेहमी दुसऱ्याच्याच अंगणात असते, असे त्यांनी कधी मानले नाही.

या पक्षाची पूर्वपीठिका सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी ५ एप्रिल २०११ रोजी दिल्लीत जंतरमंतर येथे उपोषण आरंभिले. ऑगस्टमध्ये अटक, तिहार कारागृह आणि नंतर रामलीला मैदानावरील दीर्घ उपोषण असा क्रम झाला. २८ ऑगस्टला उपोषण सुटले. मागणी जनलोकपालाची होती. अण्णांची मूळची परिभाषा या मागणीहून फार वेगळी होती. राळेगणच्या पंचसूत्रीतील शब्द आठवावेत : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. पाचांपैकी चार शब्दांचे उत्तरपद 'बंदी'. ही एका गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांची भाषा आहे. दिल्लीत तिची जागा कायद्याच्या मसुद्याच्या भाषेने घेतली. 'लोकपाल' हा शब्द लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ मध्ये घडविला होता. १९६८ पासून त्या नावाची विधेयके संसदेपुढे येत आणि बारगळत होती. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्येच केला होता. २०११ मध्ये 'लोकपाल' या शब्दाच्या मागे 'जन' हे पद जोडण्यात आले. व्याकरणदृष्ट्या ही पुनरुक्तीच होय. जन आणि लोक यांत भेद तो काय? परंतु सरकारी मसुद्यापासून आपला मसुदा निराळा दाखविण्याचे काम त्या एका पदाने चोख बजावले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये संसदेने लोकपाल कायदा संमत केला तेव्हा अण्णांनी त्याचे स्वागत केले आणि अरविंद केजरीवाल यांच्या पक्षाने त्याची 'जोकपाल' म्हणून संभावना केली. गुरुशिष्यांमधील अंतर एका अक्षराने दाखविण्याची अशी उदाहरणे क्वचितच सापडतात.

आंदोलनातून पक्ष निर्माण होत असताना भाषेत जे स्थित्यंतर झाले त्याची सर्वांत स्पष्ट खूण टोपीवर उमटली. २०११ मध्ये रामलीला मैदानावरील गांधी टोप्यांवर 'मैं अन्ना हूँ' असे वाक्य होते. २०१२ नंतरच्या टोप्यांवर 'मैं हूँ आम आदमी' असे आले. वरवर पाहता दोन्ही वाक्यांची घडण एकच : उद्देश्य 'मैं', विधेय एक नाम, मध्ये अस्तित्ववाचक क्रियापद. परंतु अर्थव्यापाराच्या दृष्टीने ही दोन वाक्ये दोन टोकांची आहेत. पहिल्याचे विधेय विशेषनाम आहे. हजारो माणसे एकाच वेळी 'मी अण्णा आहे' असे म्हणतात तेव्हा वाच्यार्थ सर्वथा असंभव असतो, आणि म्हणूनच कोणी तो घेत नाही. आपल्या काव्यशास्त्रात लक्षणेची जी पहिली अट सांगितली आहे, मुख्यार्थाचा बाध, ती येथे पूर्ण होते. गंगेवरच्या गवळीवाड्याचा अर्थ जसा गंगेच्या तीरावरचा गवळीवाडा, तसा 'मी अण्णा' याचा अर्थ मी अण्णांच्या बाजूचा, त्यांच्या निश्चयाचा वाटेकरी. अशा वाक्याला खोटे ठरविता येत नाही, कारण ते खरे असल्याचा दावाच मुळात नसतो.

दुसऱ्या वाक्याचे विधेय सामान्यनाम आहे. 'मी सामान्य माणूस आहे' या विधानात मुख्यार्थाचा बाध होत नाही. लक्षणेला वाव नाही. अभिधा पुरेशी आहे. बोलणारा स्वतःला एका वर्गात घालतो, आणि तो त्या वर्गात खरोखर मोडतो की नाही हे तपासता येते. मैदानातल्या कारकुनाने, रिक्षावाल्याने, विद्यार्थ्याने ते म्हटले तर खरे. मंत्र्याने म्हटले तर विचारात पडावे लागते. लक्षणेकडून अभिधेकडे झालेले हे संक्रमण माझ्या मते पक्षाच्या साऱ्या पुढील इतिहासाचे बीज होय. पक्षाने स्वतःच्या नावातच एक सत्यापनयोग्य विधान धारण केले. समाजवादी पक्षाचा पुढारी समाजवादी नाही असे सिद्ध करावयास दीर्घ वाद घालावा लागतो. 'आम आदमी' पक्षाचा पुढारी आम आदमी नाही, हे दाखवावयास एक घर पुरते. पण त्याकडे पुढे येऊ.

शब्दाचा थोडा अधिक विचार येथे अस्थानी होणार नाही. 'आम' हा अरबी शब्द. त्याचा जोडीदार 'खास'. मुघल राजवाड्याच्या रचनेत ही जोडी दगडात कोरली गेली : दीवान-ए-आम आणि दीवान-ए-खास. दिल्लीच्या लाल किल्ल्यात त्या दोन्ही वास्तू आजही उभ्या आहेत. मराठीने हीच जोडी 'आमदार' आणि 'खासदार' या शब्दांत जतन केली आणि, गमतीची गोष्ट अशी की, 'आम' हे पद थेट सत्ताधाऱ्याच्या पदवीतच बसविले. त्यामुळे मराठी कानाला 'आम' म्हणजे सत्तेबाहेरचा असा अर्थ आपोआप सुचत नाही. आपल्याकडे त्या अर्थी 'सामान्य माणूस' हाच शब्द. हिंदीत मात्र आम आणि खास यांचा विरोध जिवंत आहे, आणि पक्षाने तो पुरेपूर वापरला. तो शब्द पक्षाने निर्माण केला नव्हता. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसने आपला 'हात' आम आदमीच्या सोबत असल्याचे सांगितले होते, आणि नव्या पक्षाचे नाव जाहीर होताच त्या शब्दावर आपला जुना हक्कही सांगितला. भेद असा की काँग्रेसच्या वाक्यात आम आदमी हा ज्याच्या सोबत कोणी असावे असा दुसरा इसम होता. नव्या पक्षाने त्याला उद्देश्याच्या जागी आणून बसविले.

दुसरे वैशिष्ट्य वचनाचे आहे. आपल्या देशातील पक्षांची नावे बहुधा समूहवाचक असतात : जनता, लोक, बहुजन समाज, शेतकरी कामगार. 'आम आदमी' हे एकवचन आहे. या माणसाला जात नाही, धंदा नाही, गाव नाही, संघटना नाही. तो कचेरीच्या खिडकीसमोर एकटा उभा आहे, हातात अर्ज आहे, आणि खिडकीपलीकडचा इसम त्याला उद्या यावयास सांगतो आहे. पक्षाच्या संस्थापकांचा पूर्वानुभव नेमका याच प्रसंगाचा होता. आयकर खात्यात अधिकारी राहिलेल्या केजरीवालांनी 'परिवर्तन' या संस्थेमार्फत वीजजोडण्या, आयकर परतावा, शिधापत्रिका यांसाठी अडलेल्या माणसांची कामे माहितीच्या अधिकाराच्या साह्याने मार्गी लावली होती. २००६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामाबद्दल मिळाला. खिडकीसमोरचा हा एकवचनी माणूस सर्व वर्गांत सापडतो, यात पक्षाच्या मध्यममार्गी असण्याचे रहस्य आहे. झोपडपट्टीतील स्त्री आणि सदनिकेतील अभियंता यांचे हितसंबंध भिन्न असले तरी खिडकीसमोर दोघांचा अपमान सारखा होतो. डावे आणि उजवे यांच्या मधली जागा पक्षाने सिद्धांताने नव्हे, या समान अनुभवाने मिळविली. अर्थात् 'आदमी' हा शब्द पुल्लिंगी आहे, हे विसरता येत नाही. 'यात स्त्रियाही आल्या' असे पक्षाला सांगत राहावे लागले. आणखी एक योगायोग पाहावा. पक्षाच्या आद्याक्षरांपासून 'आप' हा शब्द झाला, जो हिंदीत आदरार्थी द्वितीय पुरुष होय. टोपीवर 'मैं', संक्षेपात 'आप' आणि नावात तृतीय पुरुषी 'आदमी' : व्याकरणातील तिन्ही पुरुष एका पक्षाच्या सेवेला लागले. मराठीत यातील मधला पुरुष हरवतो, हे सांगावयास नकोच.

आता 'स्वराज' या शब्दाकडे येतो. केजरीवालांचे त्याच नावाचे छोटेखानी हिंदी पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याला अण्णा हजारे यांची प्रस्तावना होती. पक्षाला विचारसरणी नव्हती असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हे पुस्तक वाचले असेल, अशी शंका येते. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. गावातील शिक्षक शाळेत येत नाही, रस्ता गरज नसलेल्या ठिकाणी होतो, योजनेचा पैसा मध्येच मुरतो. याचे कारण ही माणसे वाईट आहेत असे नसून, त्यांच्यावर गावाचा अधिकार चालत नाही, हे आहे. पैसा, नोकरवर्ग आणि निर्णय हे ग्रामसभेच्या, आणि शहरात मोहल्ला सभेच्या, हाती द्यावेत. दाखल्यादाखल परदेशांतील उदाहरणांबरोबर आपल्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारही येते. मद्याच्या दुकानाला परवाना द्यावयाचा तर ग्रामसभेची, आणि विशेषतः तेथील स्त्रियांची, संमती असावी असेही त्यात सुचविले आहे. भाषा बोलीच्या जवळची, वाक्ये आखूड, परिभाषा जवळजवळ नाही. वाङ्मयीन गुणांची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. पण राजकीय पुस्तिका म्हणून त्याची घडण पक्की आहे.

त्याचा दोषही उघड आहे. 'गाव' हे जणू एक मन असलेले व्यक्तिमत्त्व आहे, अशा रीतीने पुस्तक बोलते. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी जी कठोर शंका उपस्थित केली होती, तिला पुरे पडेल असे उत्तर या पुस्तकात मिळत नाही. ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, हा प्रश्न हिवरे बाजारच्या एका यशाने सुटत नाही. तथापि या दोषासह तो एक विचार होता. भ्रष्टाचार हा व्यक्तीच्या पतनातून नव्हे, अधिकाराच्या मांडणीतून उद्भवतो असे म्हणणारा. किंबहुना 'भ्रष्टाचार' या शब्दातील रूपकालाच तो छेद देत होता.

हा विचार काही काळ आचरणातही आला. ८ डिसेंबर २०१३ रोजी लागलेल्या दिल्लीच्या निकालात सत्तर जागांपैकी अठ्ठावीस जागा एक वर्षाच्या पक्षाला मिळाल्या. खुद्द मुख्यमंत्री शीला दीक्षित त्यांच्या मतदारसंघात केजरीवालांकडून पराभूत झाल्या. बहुमत नव्हते. काँग्रेसचा पाठिंबा घ्यावा काय, असा प्रश्न पक्षाने सभा घेऊन आणि संदेश मागवून मतदारांनाच विचारला. तज्ज्ञांनी त्याची थट्टा केली; पण पुस्तकातील विचाराशी ते सुसंगत होते. २८ डिसेंबरला मेट्रोने येऊन रामलीला मैदानावर शपथविधी झाला. जानेवारीत मुख्यमंत्रीच रेल भवनाजवळ धरण्यावर बसले. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी जनलोकपाल विधेयक मांडता येत नाही म्हणून, एकोणपन्नास दिवसांनी, राजीनामा. धरणे धरणारा मुख्यमंत्री हा प्रकार अनेकांना हास्यास्पद वाटला. भाषेच्या अंगाने पाहता तो टोपीवरचे वाक्य खरे ठेवण्याचा आटापिटा होता : सत्तेत बसूनही खिडकीच्या अलीकडेच उभे राहण्याचा.

त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने देशभर चारशेहून अधिक उमेदवार उभे केले आणि चार जागा मिळविल्या, चारही पंजाबातील. महाराष्ट्रात ईशान्य मुंबईत मेधा पाटकर, नागपुरात अंजली दमानिया अशी परिचित नावे असतानाही एकही जागा आली नाही. ज्या भूमीतून अण्णा आले तेथे पक्ष रुजला नाही, याची कारणे राज्यशास्त्राने शोधावीत. अण्णांनी पक्षस्थापनेलाच संमती दिली नव्हती, एवढे येथे पुरे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सत्तरपैकी सदुसष्ट जागा आणि चौपन्न टक्क्यांहून अधिक मते मिळाली. या वेळच्या घोषणेत पक्षाच्या नावाऐवजी नेत्याचे आडनाव आले होते. विशेषनामाकडून ('अन्ना') सामान्यनामाकडे ('आम आदमी') आलेली भाषा पुन्हा विशेषनामाकडे वळली. वर्तुळ साडेतीन वर्षांत पुरे झाले. मार्च महिन्यात योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना राष्ट्रीय कार्यकारिणीतून वगळण्यात आले, एप्रिलमध्ये पक्षातून. पक्षाचे अंतर्गत लोकपाल ॲडमिरल रामदास यांनाही मार्चअखेर दूर करण्यात आले. देशाला लोकपाल हवा म्हणून जन्मलेल्या पक्षाने आपल्या घरचा लोकपाल असा घालविला, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. बाहेर पडलेल्यांनी जी संघटना काढली तिचे नाव 'स्वराज अभियान', आणि पुढे २०१६ मध्ये काढलेल्या पक्षाचे 'स्वराज इंडिया'. म्हणजे माणसांबरोबर शब्दही गेला. वाटणीत कोणती वस्तू कोणी उचलली हे पाहिले की कुटुंबाचा स्वभाव कळतो. मूळ पक्षाने हा शब्द परत मिळविण्याची फारशी धडपड केल्याचे दिसत नाही.

'मोहल्ला' हा शब्द मात्र त्याने ठेवून घेतला. मोहल्ला सभांचे काही प्रयोग झाले, पण कायद्याचा पाया त्यांना लाभला नाही. जुलै २०१५ मध्ये पहिले मोहल्ला क्लिनिक निघाले आणि ती योजना देशभर गाजली. 'मोहल्ला सभा' आणि 'मोहल्ला क्लिनिक' या दोन सामासिक शब्दांत पूर्वपद तेच आहे, उत्तरपद बदलले. सभेत जाणारा माणूस कर्ता असतो : बोलतो, हात वर करतो, निर्णय घेतो. दवाखान्यात जाणारा संप्रदानात असतो : त्याला काही दिले जाते. दवाखाना वाईट असे मला सुचवावयाचे नाही. गल्लीतल्या म्हातारीला सभेपेक्षा रक्तदाबाची गोळी अधिक मोलाची, हे मी जाणतो. दोनशे युनिटांपर्यंत मोफत वीज, २०१९ च्या ऑक्टोबरपासून स्त्रियांना मोफत बसप्रवास, शाळांच्या इमारती, या सर्वांनी लाखो घरांचा खर्च हलका केला आणि २०२० मध्ये बासष्ट जागा दिल्या, त्या अकारण नव्हेत. पण 'आम आदमी' या नामाची विभक्ती बदलली, हे नोंदवलेच पाहिजे. तो प्रथमेत होता, चतुर्थीत गेला. पुढे आलेला 'गारंटी' हा शब्द त्याच चतुर्थीचा : हमी देणारा एक, घेणारे सर्व. तो शब्द इतका सोयीचा ठरला की काँग्रेसने आणि भारतीय जनता पक्षाने तो अल्पावधीत उचलला.

स्वराज गेल्यावर उरली ईमानदारी. मार्च २०२२ मध्ये पक्षाच्या विचारसरणीचे तीन स्तंभ सांगण्यात आले : कट्टर ईमानदारी, कट्टर देशभक्ती आणि इन्सानियत. 'कट्टर' या विशेषणाचा प्रवास मनोरंजक आहे. धार्मिक दुराग्रहाशी निगडित झालेले हे विशेषण प्रशंसेसाठी वापरले जाऊ लागले, यात विरोधकांच्या शब्दकोशाशी केलेली तडजोड दिसते. परंतु खरा प्रश्न 'ईमानदारी'चा आहे. या शब्दाच्या मुळाशी 'ईमान' म्हणजे श्रद्धा आहे. मराठीत 'इमान' आले ते निष्ठेच्या अर्थाने : खाल्ल्या मिठाचे इमान. हिंदीतील 'ईमानदार' यासाठी आपण 'प्रामाणिक' म्हणतो, आणि त्या शब्दाच्या मुळाशी प्रमाण आहे. एक गुण श्रद्धेने मानावयाचा, दुसरा पुराव्याने दाखवावयाचा. व्युत्पत्तीवरून अर्थ काढू नये हे मी विद्यार्थ्यांना नित्य सांगतो, आणि येथेही तसा आग्रह नाही; तरी पक्षाच्या व्यवहारात झाले ते असेच. स्वराजच्या विचारात नेता प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न गौण होता, कारण हिशेब सभेपुढे यावयाचा होता. ईमानदारीच्या विचारात सारा भार नेत्यावरील विश्वासावर पडला.

आणि विश्वासाची परीक्षा लवकरच झाली. दिल्ली सरकारचे नवे मद्यधोरण नोव्हेंबर २०२१ मध्ये अमलात आले आणि पुढील वर्षीच मागे घ्यावे लागले. ३० ऑगस्ट २०२२ रोजी अण्णा हजारे यांनी केजरीवालांना पत्र लिहिले आणि त्यात, ज्याला आपण प्रस्तावना लिहिली त्या 'स्वराज' पुस्तकातील मद्यविषयक मजकुराचीच आठवण करून दिली. वृत्तपत्रांनी या पत्राकडे गुरूची नाराजी म्हणून पाहिले. मला ते त्या पुस्तकाचे सर्वांत नेमके परीक्षण वाटते : अण्णांनी नेत्याच्या चारित्र्याबरोबर, किंबहुना त्याआधी, त्याचा मजकूर पुढे केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मनीष सिसोदिया आणि २१ मार्च २०२४ रोजी खुद्द मुख्यमंत्री यांना या प्रकरणात अटक झाली. आरोपांच्या सत्यासत्यतेचा निर्णय न्यायालयांनी करावयाचा आहे. या लेखाला त्याच्याशी कर्तव्य नाही. भाषिक घटना वेगळी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जामिनावर सुटल्यावर केजरीवालांनी राजीनामा दिला आणि जनता ईमानदारीचे प्रमाणपत्र देईल तेव्हाच पुन्हा त्या खुर्चीवर बसेन, असे जाहीर केले. श्रद्धेच्या शब्दाला प्रमाणाची गरज भासली, आणि ते प्रमाण मतपेटीतून मागितले गेले! वस्तुतः मतदान हे धोरणाविषयीचे मत असते. कोणाच्या सचोटीचा दाखला देण्याचे ते साधन नव्हे. न्यायालयाचे काम मतदाराकडे आणि मतदाराचे काम न्यायालयाकडे सोपविण्याची ही रीत इतर पक्षांनाही परकी नाही; पण ज्याच्या भांडवलात दुसरे काही उरले नव्हते त्यालाच ती सर्वांत महाग पडावयाची होती.

विरोधकांनी मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाच्या नूतनीकरणाला 'शीशमहल' हे नाव दिले. खर्चाचे आकडे पुष्कळ प्रसिद्ध झाले. ते लोकांच्या ध्यानात राहिले असतील असे वाटत नाही. शब्द राहिला. कारण तो त्याच दरबारी कोशातला आहे ज्यातून 'आम' आला होता. दीवान-ए-आमला शीशमहालाने उत्तर द्यावे, यात विरोधकांची प्रतिभा मोठी असे नव्हे. नावाने जो विरोध स्वतःच मांडून ठेवला होता त्याची उरलेली जागा त्यांनी भरली. निकालात भारतीय जनता पक्षाला अठ्ठेचाळीस आणि आम आदमी पक्षाला बावीस जागा मिळाल्या. नवी दिल्लीत केजरीवाल स्वतः चार हजारांवर मतांनी हरले.

हा विश्वासभंगाचा कौल होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मतांचे अंतर सुमारे दोन टक्क्यांचे होते आणि पराभूत पक्षालाही त्रेचाळीस टक्क्यांवर मते मिळाली. शिवाय दिल्लीच्या निर्वाचित सरकारचे अधिकार मुळातच अपुरे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवाविषयक अधिकार त्याला दिले आणि आठवडाभरात वटहुकमाने, पुढे ऑगस्टमध्ये कायद्याने, ते काढून घेण्यात आले. 'आम्हांस काम करू दिले जात नाही' हे पक्षाचे गाऱ्हाणे निराधार नव्हते. माझा मुद्दा असा की हे गाऱ्हाणे मूळच्या स्वराजच्या भाषेत सर्वांत समर्थपणे मांडता आले असते, कारण अधिकार कोणाच्या हाती असावा हाच त्या भाषेचा विषय होता. ज्यांनी केंद्राकडे अधिकार मागितले त्यांनी आपल्या हाती असलेले मोहल्ल्याकडे दिले असते, तर त्या मागणीला निराळे वजन आले असते. नेत्याच्या सचोटीभोवती फिरणाऱ्या भाषेत ती मागणी एका माणसाच्या छळाची कहाणी होऊन बसली.

दिल्लीबाहेर पक्षाच्या शब्दांचे काय झाले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. गोव्यात २०२२ मध्ये बाणावली आणि वेळ्ळी या दोन जागा मिळाल्या. गुजरातेत पाच जागा आणि जवळजवळ तेरा टक्के मते. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय पक्ष म्हणून मान्यता मिळाली, ती या प्रसाराच्या बळावर. पंजाबात २०२२ मध्ये एकशे सतरापैकी ब्याण्णव जागा जिंकून भगवंत मान यांचे मंत्रिमंडळ आले, आणि त्यांनी भगतसिंगांच्या खटकड कलाँ या गावी शपथ घेतली. सरकारी कचेऱ्यांत भगतसिंग आणि डॉ. आंबेडकर यांची चित्रे लागली. ग्रामसभेवर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचे चित्र 'स्वराज'च्या लेखकाच्या पक्षाने लावावे, यातील विसंगती कोणास खटकल्याचे ऐकिवात नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पंजाबात पंच्याहत्तर दवाखाने उघडण्यात आले. त्यांना 'मोहल्ला क्लिनिक' म्हटले नाही. फलकावरचे नाव होते 'आम आदमी क्लिनिक'. आणि त्या फलकावरून केंद्र सरकारशी वाद होऊन आरोग्य अभियानाचा निधीही अडला. उत्तरपद दिल्लीतच बदलले होते. पंजाबात पूर्वपदही बदलले. आता या समासाचा विग्रह करावयाचा झाला तर 'आम आदमीसाठी क्लिनिक' असा करावा की 'आम आदमी पक्षाचे क्लिनिक' असा, हे शब्दावरून सांगता येत नाही. दोन्ही विग्रह व्याकरणाला मान्य आहेत.